चेहऱ्यावरची छिद्रं बंद का होत नाहीत, आणि मग करायचं काय

पार्लरच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलं की भिंगाचा दिवा चेहऱ्यावर येतो आणि पाठोपाठ निदानही येतं: ‘मॅडम, पोअर्स खूपच ओपन झालेत.’ मग क्लीनअप, त्यानंतर फेशियल, आणि जाता जाता ‘पोअर टाइटनिंग’ नावाचं आणखी एक पॅकेज. घरी येऊन मोबाइल उघडावा तर कुणी बर्फाच्या पातेल्यात तोंड बुडवतंय, कुणी नाकावर लिंबाची फोड घासतंय. कोरियातून आलेल्या ‘ग्लास स्किन’च्या व्हिडिओंमधल्या माणसांना तर छिद्रंच नसतात. हा प्रश्न आता फक्त बायकांचाही राहिलेला नाही. दाढी करताना आरशाजवळ गेलेले पुरुषही हळूच तेच विचारतात.

उत्तर आधीच सांगून टाकू. ही छिद्रं बंद करता येत नाहीत. क्रीमने नाही, बर्फाने नाही, लेझरनेही नाही. ती लहान दिसावीत यासाठी मात्र बरंच काही करता येतं आणि त्यातला सर्वांत उपयोगी भाग फारसा महागही नाही. अडचण एवढीच, की त्याला महिने लागतात, आणि महिन्यांच्या गोष्टीचा तीस सेकंदांचा व्हिडिओ होत नाही.

हे छिद्र असतं कशाचं?

बऱ्याच जणांना वाटतं, ही घामाची छिद्रं. घामाची छिद्रं वेगळी असतात आणि इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. नाकावर आणि नाकालगतच्या गालांवर जे ठिपके दिसतात, ती केसांच्या नळ्यांची तोंडं. चेहऱ्यावर सगळीकडे बारीक लव असते, नितळ गालांवरसुद्धा. त्यातला प्रत्येक केस त्वचेतल्या एका उभ्या नळीत रुजलेला असतो आणि त्या नळीला बाजूने तेलाची ग्रंथी जोडलेली असते. तिच्यातून पाझरणाऱ्या तेलाला सीबम म्हणतात. आपण पुढे नुसतं तेलच म्हणू. हे तेल नळीतून वर चढतं, तोंडातून बाहेर पडतं आणि चेहऱ्यावर पसरतं. नळीचं ते तोंड म्हणजे पोअर.

चेहऱ्यावर अशा ग्रंथी एका चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण ४०० ते ९०० असतात. तळहातावर आणि तळपायावर एकही नसते. म्हणून तळहात घामेजतो, पण त्याला स्वतःचं तेल सुटत नाही. नाकावर उलटा प्रकार आहे. तिथले केस जेमतेम दिसण्याइतके, पण त्यांना जोडलेल्या ग्रंथी भल्या मोठ्या. मोठ्या ग्रंथीचं तेल बाहेर यायला तोंडही तसंच रुंद लागतं.

या ग्रंथींचा कारभार मुख्यतः अँड्रोजेन गटातल्या हार्मोन्सच्या हाती असतो. त्यांना पुरुषी हार्मोन्स म्हणतात, पण ती बायकांच्या शरीरातही असतातच. वयात येताना ती वाढतात आणि चेहरा तेलकट होतो. बायकांमध्ये पाळी थांबल्यानंतर तेल बरंच घटतं, पुरुषांमध्ये ते म्हातारपणापर्यंत टिकून राहतं. हवामानाचाही हात असतो. १९७०च्या सुमारास ब्रिटिश त्वचातज्ज्ञांनी मोजून पाहिलं होतं, की त्वचेचं तापमान एक अंश सेल्सियसने बदललं तर तेलाचा पाझर साधारण दहा टक्क्यांनी बदलतो. मे महिन्यात लोकलमधून उतरल्यावर नाक चमकतं आणि छिद्रं जास्त नजरेत भरतात, त्यामागे हेच आहे. तुमच्या फेसवॉशने दगा दिलेला नसतो.

राहिला बंद होण्याचा प्रश्न. काहीही बंद व्हायचं तर ते आवळणारं काहीतरी लागतं. डोळ्याच्या बाहुलीभोवती स्नायू आहे, ओठांभोवती आहे. पोअरच्या तोंडाभोवती नाही. केसाच्या नळीला खाली एक चिमुकला स्नायू चिकटलेला असतो खरा. थंडीत अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळेच. पण तो केस उभा करतो, नळीचं तोंड मिटत नाही.

मग काहींची छिद्रं मोठी का दिसतात?

शर्टाचं काज डोळ्यांसमोर आणा. काज किती मोठं असणार हे आधी शिंप्याच्या हाती असतं. मग त्यात मापापेक्षा जाड बटण रोज कोंबत राहिलं तर ते ताणलं जातं. आणि शर्ट जुना होऊन कापड विरलं, सैल पडलं, तर बटण तेच असूनही काज आ वासतं. चेहऱ्यावरच्या छिद्रांचं नेमकं असंच तीन पदरी आहे.

शिंपी म्हणजे आनुवंशिकता. ग्रंथी केवढ्या आणि किती तेल गाळणाऱ्या, हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. इथे आपला इलाज चालत नाही.

बटण म्हणजे नळीत साठणारा ऐवज: तेल, नळीच्या आतल्या भिंतीवरून झडणाऱ्या मृत पेशी, थोडे जंतू आणि बारीक केस. हे सगळं वेळच्या वेळी बाहेर पडलं नाही तर त्याचा बोळा बनतो आणि तोंड ताणतं. यावर उपाय आहेत आणि चांगले आहेत.

कापड म्हणजे छिद्राभोवतीची त्वचा. त्वचेच्या खालच्या थरात कोलाजेन आणि इलॅस्टिन नावाच्या तंतूंचं जाळं असतं. ते घट्ट असेल तर छिद्राच्या कडा ताठ, गोल राहतात. ते विरलं की कडा ढासळतात आणि गोल छिद्र लांबट, थेंबाच्या आकाराचं दिसू लागतं. विशीत ज्यांना त्रास नव्हता त्यांना चाळिशीत गालांवर अचानक छिद्रं दिसतात, ती बहुधा या प्रकारची. वय हे एक कारण आहेच; पण चेहऱ्यावरचं जाळं विरायला उन्हाची मदत फार मोठी असते. सूर्यप्रकाशातले यूव्हीए किरण खोलवर, थेट या तंतूंपर्यंत जातात. ते खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात, त्यामुळे ‘मी तर गाडीत बसून असतो’ हा बचाव टिकत नाही. सिगारेटही हेच जाळं कुरतडते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आरशात आपल्याला भोक कमी आणि त्यात पडलेली सावली जास्त दिसते. वरून दिवा असेल तर सावली गडद, समोरून मऊ उजेड असेल तर तीच छिद्रं जवळपास नाहीशी. पार्लरमधल्या भिंगाखाली कुणाचाही चेहरा निरोगी दिसत नाही.

नाकावरचे काळे ठिपके म्हणजे साठलेली घाण ना?

मुळीच नाही. नळीचं तोंड उघडं राहून बोळा अडकला, की त्याचा वरचा भाग हवेशी आणि त्वचेतल्या मेलानिन या रंगद्रव्याशी मिळून काळा पडतो. तो ब्लॅकहेड. कितीही साबण लावला तरी तो धुतला जात नाही, कारण ती धूळ नसतेच.

गंमत म्हणजे, नाकावर आपण ज्यांना ब्लॅकहेड म्हणून पिळतो त्यातले बहुतेक ब्लॅकहेडही नसतात. एकसारखे, दाटीने बसलेले, करडे किंवा फिकट पिवळसर ठिपके म्हणजे सेबेशियस फिलामेंट. तेल ज्या वाटेने वर येतं त्या वाटेचं हे नैसर्गिक अस्तर आहे. दाबलं की शेवईसारखा बारीक धागा बाहेर येतो, मोठं समाधान मिळतं, आणि काही आठवड्यांत जागा पुन्हा भरते. नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्यांचं तेच होतं. त्या वरचं टोक उपटतात, खालची नळी आणि ग्रंथी जागच्या जागी राहतात. अधूनमधून एखादी लावली तर आकाश कोसळणार नाही. पण दर आठवड्याला ओढणं किंवा नखांनी पिळणं म्हणजे छिद्राच्या कडांना इजा करणं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला एक खोड आहे: इजा बरी झाली तरी तिथे काळा डाग मागे राहतो आणि तो जायला महिनोन्‌महिने घेतो. छिद्रापेक्षा हा डाग जास्त उठून दिसतो.

पण बर्फ फिरवल्यावर खरोखर लहान दिसतात की!

दिसतात. डोळे खोटं सांगत नसतात, निष्कर्ष चुकतो. थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, तेल घट्ट होऊन पाझर मंदावतो. चेहरा पूर्ववत गरम झाला की सगळं जिथल्या तिथे. लग्नाच्या फोटोआधी रुमालात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर फिरवायला काही हरकत नाही. बर्फ थेट त्वचेवर दाबून ठेवला तर मात्र थंडीने भाजल्यासारखी जखम होऊ शकते.

वाफेचंही असंच. वाफेने पोअर उघडत नाही. बोळा मऊ होतो आणि काढायला सोपा जातो, एवढंच. सर्दीला घेतो तशी पातेल्यावर टॉवेल धरून घेतलेली कडक वाफ चेहरा लाल करते, आणि ज्यांच्या गालांवर आधीच लाली किंवा वांग आहे त्यांचं दुखणं वाढवते.

गुलाबपाण्यापासून अल्कोहोलवाल्या टोनरपर्यंत जे काही लावून चेहरा ‘आवळल्यासारखा’ वाटतो, ते वाटणं वरच्या थराला पडलेल्या कोरडेपणाचं असतं. अल्कोहोलवाला टोनर रोज लावला तर त्वचा चिडते, आणि चिडलेल्या, सुजट त्वचेवर छिद्रं उलट ठळक होतात.

घरचे उपाय तर नैसर्गिक असतात, त्यांनी काय बिघडणार?

सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. मुलतानी माती खरोखर तेल शोषते. आठवड्यातून एकदा लावली, आणि सुकून भेगा पडायच्या आत धुतली, तर तेलकट चेहऱ्याला काही तास बरं वाटतं. डाळीचं पीठ हलक्या हाताने लावलं तर साबणाचं काम करतं. दिवाळीच्या पहाटेचं उटणं वर्षातून चार दिवस लावलं तर बिचारं काही बिघडवत नाही; तेच रोज खसाखसा घासलं तर बिघडवतं. अक्रोडाच्या टरफलांचे खरखरीत स्क्रबही याच माळेत. घासून छिद्र लहान होत नाही, त्याच्या कडा सोलवटतात.

लिंबू आणि खाण्याचा सोडा यांच्याबद्दल मात्र मी अजिबात नरमाई दाखवणार नाही. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. आम्लता मोजायची जी पीएच पट्टी आहे, तिच्यावर साधारण पाचच्या आसपास. लिंबाचा रस दोनच्या आसपास असतो, सोड्याचं पाणी आठच्या वर. एकदा इकडे, एकदा तिकडे ओढून त्वचेचा संरक्षक थर मोडतो. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात, की ती अंगावर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे चट्टे उठतात. उन्हाळ्यात सरबत करताना हातावर उडालेल्या रसानेही हे होतं. इथे तर आपण तो मुद्दाम तोंडाला फासतो. टूथपेस्ट दातांसाठी आहे, तिने त्वचा झोंबते. अंड्याचा पांढरा बलक सुकताना त्वचा ओढतो, धुतला की ओढ संपली; कच्च्या अंड्यातल्या जंतूंची भीती वरून.

खोबरेल तेलाबद्दल बोललं की घरात वाद होतात, तरी बोलायला हवं. कोरड्या हातापायांना ते उत्तम. पण तेलकट चेहऱ्यावर ते नळ्या बुजवणाऱ्यांच्या यादीत वर येतं. डोक्यावर चोपून तेल घालण्याच्या सवयीने कपाळाच्या कडेला बारीक पुळ्यांची रांग उठते, हे त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या कपाळावर पुळ्या असतील तर नवं फेसवॉश आणण्याआधी रात्रीचं तेल थांबवून बघा.

मग उपयोगी पडतं तरी काय?

काजाचाच हिशोब पुढे चालवू. कापड विरू द्यायचं नाही आणि बटण जाड होऊ द्यायचं नाही. पहिलं काम सनस्क्रीनचं. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि यूव्हीए अडवणारं, म्हणजे डबीवर ‘पीए’च्या पुढे तीन-चार अधिकची चिन्हं असलेलं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीभर लागतं; आपण बहुतेक जण त्याच्या निम्म्याहून कमी लावतो. बाहेर उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. सनस्क्रीनने आज असलेलं छिद्र आक्रसणार नाही, पण दहा वर्षांनी ते केवढं दिसेल यावर त्याच्याएवढा हात दुसऱ्या कशाचाच नाही.

‘सनस्क्रीननेच माझे पोअर्स बुजतात’ ही तक्रार खोटी नसते. जाड, तेलकट क्रीम तेलकट चेहऱ्यावर त्रास देतंच. जेल किंवा पातळ द्रवाचं सनस्क्रीन घ्या आणि रात्री नीट धुवा. डबीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे नळ्या न बुजवणारं, असं लिहिलेलं असतं. तो शब्द दिशा दाखवतो, हमी देत नाही. अशा चाचण्यांची सुरुवात सशाच्या कानावर झाली आणि सशाचा कान म्हणजे आपला गाल नव्हे.

बोळ्यासाठी सॅलिसिलिक आम्ल. बाकीची बरीच आम्लं पाण्यात विरघळतात आणि वरवर काम करतात. हे तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या नळीत उतरून मृत पेशी सुट्या करतं. दुकानात मिळणाऱ्या उत्पादनांत ते अर्धा ते दोन टक्के असतं. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरे. फेसवॉशमध्ये असलेलं सॅलिसिलिक चेहऱ्यावर अर्धा मिनिट राहून वाहून जातं, म्हणून लावून ठेवायचं द्रावण जास्त काम करतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र ते टाळावं.

नायसिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्वाचं रूप. त्याने तेल थोडं घटतं, त्वचेचं कवच सुधारतं, डाग फिके होतात. दोन ते पाच टक्के भरपूर झालं. बाजारात दहा टक्क्यांच्या बाटल्यांची चढाओढ चालते, पण त्याने फायदा दुप्पट होत नाही आणि काहींच्या चेहऱ्याची आग होते. परिणाम सौम्य, त्रासही कमी. संवेदनशील त्वचेला सुरुवात इथून करावी.

आणि मग रेटिनॉइड. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत भारी औषध हेच, आणि सर्वांत चुकीचं वापरलं जाणारंही. ही अ जीवनसत्त्वाची भावंडं. ती नळीच्या भिंतीवरच्या पेशी एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणजे बोळाच धरत नाही. शिवाय खालच्या थरात नवं कोलाजेन तयार करायला लावतात. बटण आणि कापड, दोन्हींवर काम करणारं लावण्याचं औषध हे एकच.

ट्रेटिनॉइन या रेटिनॉइडला अमेरिकेत १९७१ मध्ये मुरुमांसाठी मान्यता मिळाली. ते वापरणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका आपल्या सुरकुत्याही कमी झाल्याचं सांगू लागल्या, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे आल्बर्ट क्लिगमन यांनी तो धागा पकडून उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवर त्याचा अभ्यास केला. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. विद्यापीठाने त्याबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. सौंदर्याच्या बाटल्यांमागचा इतिहास नेहमी सुंदर नसतो.

आपल्याकडे ट्रेटिनॉइन आणि त्याहून सौम्य ॲडापलीन डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं. डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे सोडून. पहिले काही आठवडे एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड. सुरुवातीला चेहरा कोरडा पडतो, पापुद्रे सुटतात, थोड्या पुळ्याही येतात, आणि नेमकं इथेच नव्वद टक्के लोक ट्यूब कपाटात टाकतात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. फरक दिसायला तीन महिने धरून चाला. गर्भवती असाल किंवा मूल हवं असेल तर हे वापरायचं नाही.

चेहरा आधीच तेलकट, वर मॉइश्चरायझर कशाला?

कारण तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरची औषधं त्वचेतलं पाणी उडवतात. पाणी उडालं की ती ताणते, चिडते, आणि आपण उपचारच सोडून देतो. पातळ, जेलसारखं मॉइश्चरायझर तेल वाढवत नाही आणि औषध सोसायला मदत करतं. त्याचबरोबर दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉश लावण्याचा सोस सोडावा. दोनदा पुरे, मधे साधं पाणी किंवा टिपकागद.

औषधाच्या दुकानातलं ‘एक नंबर’ क्रीम

इथे जरा थांबावं लागेल, कारण महाराष्ट्रात आणि देशभरात चेहऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान याने केलं आहे. शेजारीण सांगते, केमिस्ट देतो, आणि आठ दिवसांत चेहरा गोरा, गुळगुळीत, छिद्रं गायब. एवढ्या वेगाने काम करणारी गोष्ट बहुधा एकच असते: स्टेरॉइड. बऱ्याचदा ते हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध) आणि ट्रेटिनॉइनसोबत एकाच ट्यूबमध्ये असतं. वांगासाठी डॉक्टर हे मिश्रण ठरावीक आठवडे देतात. लोक ते फेअरनेस क्रीम समजून वर्षानुवर्षं लावतात.

स्टेरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून सुरुवात सुरेख होते. पुढे तेच कापड विरवतं. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, बायकांच्या गालांवर केस वाढतात. बंद करावं तर चेहरा लालबुंद होऊन जळतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा लावतो. या अवस्थेला डॉक्टरांनी ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच दिलं आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा लावण्याच्या स्टेरॉइडांपैकी चौदा औषधं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरीही ती मिळतात, हे तुम्हाला-मला माहीत आहे. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं कुठलंही नाव असेल तर ते छिद्रांसाठी नाही. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम तोडू नका; त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून उतरवा.

लेझरने एकदाचं काम संपत नाही का?

संपत नाही, पण फरक पडतो. फ्रॅक्शनल लेझर, बारीक सुयांचं मायक्रोनीडलिंग, सुयांतून उष्णता देणारी रेडिओफ्रीक्वेन्सी, या सगळ्यांची कल्पना एकच: त्वचेला मोजूनमापून छोटी इजा करायची, म्हणजे ती भरताना नवं कोलाजेन तयार होतं. केमिकल पील मुख्यतः वरचा थर आणि बोळे काढतं. एका बैठकीत काही होत नाही. तीन-चार तरी लागतात, आणि वय व ऊन आपलं काम चालूच ठेवतात, म्हणून परिणाम कायमचा नसतो.

आपल्या त्वचेच्या रंगाला यात खास जोखीम आहे. उष्णता जास्त झाली तर काळे डाग पडतात. म्हणून मशीन कुठलं आहे यापेक्षा ते कोण चालवतंय हे आधी विचारा. समोरची व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे का, गव्हाळ-सावळ्या रुग्णांवर ती हे नेहमी करते का, आधी आणि नंतर किती दिवस ऊन टाळायचं, डाग पडला तर पुढे काय. उत्तरं गुळमुळीत वाटली तर पैसे परत खिशात. ऑनलाइन मागवलेला डर्मारोलर घरी फिरवणं तर नकोच. पुळ्या असलेल्या चेहऱ्यावर तो जंतू एका जागेहून दुसरीकडे पेरतो.

पैसे भरण्याआधी आणखी एक खात्री करून घ्या. ‘ओपन पोअर्स’ म्हणून दाखवायला आलेल्या बऱ्याच खुणा छिद्रं नसतातच. ते जुन्या मुरुमांचे खोल, अरुंद व्रण असतात. छिद्रं एकसारखी आणि रांगेत असतात, व्रण विखुरलेले, कमीजास्त आकाराचे, जिथे पूर्वी मोठ्या पुळ्या होत्या तिथे. व्रणांवर सॅलिसिलिक किंवा नायसिनामाइड वर्षभर लावलं तरी ढिम्म हलत नाही. त्यांचे उपचार वेगळे असतात, आणि ते डॉक्टरांनीच करायचे असतात.

पण सिनेमातल्या, रीलमधल्या लोकांचं काय?

त्यांच्याकडे उजेड आहे, मेकअप आहे आणि फिल्टर आहे. प्रायमर नावाच्या क्रीममध्ये सिलिकोनसारखे पदार्थ असतात. ते खड्डा भरून वर गुळगुळीत थर देतात, सावली पडत नाही, छिद्र दिसत नाही. रात्री धुतलं की सगळं परत. यात फसवणूक काहीच नाही, समारंभाला जरूर लावा. १९४०च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यानेही सौंदर्यप्रसाधनाचं काम स्वच्छ करणं, सुंदर करणं, रूप बदलणं एवढंच ठरवलं आहे. प्रायमर ते प्रामाणिकपणे करतं. तीनशे रुपयांच्या सिरमने छिद्रं कायमची मिटवण्याची भाषा केली तर ते आपल्या मर्यादेबाहेर बोलतं. सेल्फीचं तर सांगायलाच नको: कॅमेरा हातभर अंतरावर, नाक त्याच्या सर्वांत जवळ, ते आहे त्यापेक्षा मोठं दिसणारच.

डॉक्टरकडे कधी जायचं?

नुसती छिद्रं दिसतात हा आजार नाही, आणि त्यासाठी कुणी दवाखाना गाठलाच पाहिजे असं नाही. पण मुलगी किंवा तरुण बाई असेल, चेहरा अचानक फार तेलकट झाला असेल, पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर गोष्ट त्वचेच्या खालची आहे. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडण्याचा विकार, असण्याची शक्यता असते; स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोन्सचे डॉक्टर तपासण्या सांगतील. फेशियलवर त्याआधी खर्च करू नका.

मोठ्या, दुखणाऱ्या गाठींचे मुरुम असतील तर पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन दिलं जातं. ते तेलाचा पाझर कमालीचा घटवतं. पण गर्भावर त्याचा परिणाम इतका गंभीर असतो, की गर्भधारणा नाही आणि होणारही नाही याची खात्री केल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ते कधीच घेऊ नये, आणि केवळ छिद्रांसाठी तर नाहीच.

मध्यम वयानंतर कधीकधी एकच छिद्र भलतंच रुंद होतं आणि त्यात काळा बोळा बसतो. ते बहुधा निरुपद्रवी असतं, डॉक्टर पाच मिनिटांत साफ करून देतात. पण तीच जागा वाढत असेल, तिच्यातून रक्त येत असेल किंवा महिनाभरात भरत नसेल, तर क्रीम बदलत बसू नका. त्या आठवड्यातच दाखवा.